घडीचा पत्रा आणि शिरोरेषेखालची अक्षरे

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे पाटसचा टोलनाका मागे पडल्यावर थोड्याच वेळात कुरकुंभ येते. डाव्या हाताला दौंडची वाट, उजव्या हाताला बारामतीची, आणि आसपास औद्योगिक वसाहतीची धुराडी. फिरंगाईच्या दर्शनाला आलेली माणसे, पाळी सुटून घरी निघालेले कामगार आणि टँकरचे चालक यांची या चौकात दिवेलागणीच्या वेळी एकच गर्दी उडते. त्या गर्दीत दहा मिनिटे स्वस्थ उभे राहून केवळ दुकानांच्या दर्शनी भागाकडे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. औषधाचे दुकान, बँक, मोबाइलचे दुकान, दवाखाना, हॉटेल, पेट्रोल पंपाचे छत, सगळ्यांची कातडी एकाच वस्तूची आहे. गुळगुळीत, सपाट, चकचकीत, लाल म्हणावी तर भडक लाल आणि रुपेरी म्हणावी तर डोळे दिपवणारी रुपेरी. ही वस्तू म्हणजे बाजारात ज्याला 'एसीपी शीट' म्हणतात तो पत्रा. "पुढून एसीपी मारून घेतली" असे दुकानदार सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ दुकानाने नवा अंगरखा घातला, एवढाच घ्यावयाचा.

या वस्तूविषयी सुशिक्षितांत बहुधा नाक मुरडण्याची रीत आहे. आम्हीही ते मुरडले आहे. चुन्याच्या गिलाव्याची, घडीव दगडाच्या चौकटीची जुनी घरे या पत्र्याखाली गाडली गेलेली पाहिली म्हणजे जीव हळहळतो, आणि तो हळहळावा हे योग्यच आहे. परंतु एखादी वस्तू वाईट वापरली जाते एवढ्यावरून ती वाईट ठरत नाही. हा पत्रा म्हणजे नेमके काय, त्याचे अंगचे गुण कोणते, कलावंताने आणि कारागिराने त्याच्याकडून काय काम घ्यावे, आणि मुख्य म्हणजे आपली देवनागरी अक्षरे त्याच्या हाती सापडल्यावर त्यांचे काय होते, याचा विचार आम्ही येथे करणार आहो. शेवटचा मुद्दा आम्हांला सर्वांत जिव्हाळ्याचा असल्यामुळे त्याला थोडी जास्त जागा लागली, तर वाचकांनी ती द्यावी.

प्रथम वस्तूची ओळख. बाहेरून पाहणाऱ्याला हा ॲल्युमिनियमचा जाड पत्रा वाटतो. वस्तुतः तो पत्रा फारच थोडा असतो. चार मिलिमीटर जाडीच्या चांगल्या पत्र्यात वर अर्धा मिलिमीटर व खाली अर्धा मिलिमीटर एवढेच ॲल्युमिनियम असते. मधले तीन मिलिमीटर म्हणजे प्लॅस्टिकचा गर. दुकानाच्या पाट्यांना येतो तो स्वस्त माल बहुधा तीन मिलिमीटरचा, आणि त्यावरचा धातूचा थर पाव मिलिमीटरचा किंवा त्याहूनही पातळ असतो. दोन पोळ्यांमध्ये पुरण असते तसा हा प्रकार. फरक इतकाच की येथे पुरण कडक आणि पोळी चिवट. स्वित्झर्लंडच्या अलुसुइस कंपनीने बी.ए.एस.एफ. या जर्मन रसायन-कंपनीच्या साह्याने तो सिद्ध केला आणि १९६९ साली 'अल्युकोबाँड' या नावाने बाजारात आणला.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. लवचीक पट्टी वाकविली की तिच्या वरच्या अंगाला ताण बसतो आणि खालचे अंग दाबले जाते. मधल्या भागाला जवळजवळ काहीच करावे लागत नाही. मग मध्ये महाग आणि जड धातू कशाला भरावयाचा? ताण आणि दाब सोसणारे दोन पातळ थर एकमेकांपासून दूर ठेवले आणि मध्ये हलका गर घातला, की तेच काम कमी वजनात होते. चार मिलिमीटरच्या अशा पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला साडेपाच किलोग्रॅम भरते. तितकाच ताठपणा निव्वळ ॲल्युमिनियममध्ये हवा असेल, तर ३.३ मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यावा लागतो आणि त्याचे वजन ८.९ किलोग्रॅम होते. आठ फूट बाय चार फुटांचा चार मिलिमीटरचा आखा तक्ता सोळा किलोंच्या आसपास भरतो. एक माणूस तो डोक्यावर घेऊन शिडी चढू शकतो. शिवाय तो सपाट राहतो. साधा पत्रा उन्हात तापला की त्याला पोक येते, डबे पडतात; हा तसा सहसा वागत नाही. रंग कारखान्यातच पत्र्याच्या गुंडाळीवर चढविलेला असतो, म्हणून तो कुंचल्याच्या रंगापेक्षा पुष्कळ वर्षे टिकतो.

ॲल्युमिनियम हा धातूच मुळी नवा. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघा तरुणांनी, एकमेकांस ठाऊक नसता, विजेच्या साह्याने तो स्वस्तात काढण्याची युक्ती शोधली. त्यापूर्वी तो जडजवाहिरांच्या पंक्तीला बसत असे. कलावंतांनी त्याला हात लावण्यास फार उशीर केला नाही. लंडनच्या पिकॅडिली चौकातील पंखधारी धनुर्धराचा पुतळा आल्फ्रेड गिल्बर्ट यांनी १८९३ साली ॲल्युमिनियमचा ओतला. आपल्या देशात १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी या धातूची भांडी करण्यास आरंभ केला, आणि मग पातेले, डबा, तपेली या वाटेने तो घरोघर शिरला. अर्थात आपला आणि त्याचा परिचय स्वयंपाकघरातला. त्याला दाराबाहेर, दर्शनी भिंतीवर मान मिळाला तो या घडीच्या पत्र्यामुळे.

'घडीचा पत्रा' हे नाव आम्ही बुद्ध्याच वापरतो, कारण घडी हाच त्याचा खरा गुण आहे. पत्र्याच्या मागच्या अंगाने एक खाच पाडावयाची. ती खाच मागचा धातू आणि बहुतेक सगळा गर कापून जाते. पुढचा अर्धा मिलिमीटर धातू आणि त्याला चिकटलेला सुमारे ०.३ मिलिमीटर गर तेवढा शिल्लक ठेवावयाचा. मग हाताने दाबले की पत्रा त्या रेषेवर पुठ्ठ्यासारखा सरळ दुमडतो. खाचेचा कोन नव्वद अंशांचा असेल तर काटकोनाची घडी पडते. अधिक तीव्र घडी हवी असेल तर खाच अधिक रुंद पाडावयाची. भट्टी नको, घण नको, वाकविण्याचे यंत्रही नको. पुढच्या बाजूने रंग कोठे तडकत नाही आणि सांधाही दिसत नाही.

ज्याने लहानपणी आकाशकंदील केला आहे त्याला यातले मर्म तत्काळ कळेल. घोटीव कागदावर आखणी करावयाची, कात्रीचा बोथट कोना रेषेवरून ओढावयाचा, आणि मग घडी घालावयाची. रेष ओढल्याशिवाय घडी घातली की कागद चुरगळतो. पत्र्याची खाच ही त्या बोथट कात्रीची थोरली बहीण होय. म्हणूनच आमचे असे मत आहे की, या पत्र्याचे शिक्षण घेण्याची खरी शाळा कारखान्यात नसून हस्तकलेच्या वर्गात आहे. ज्या मुलीला कागदाचा बारा पैलूंचा कंदील उलगडून सपाट कसा मांडावा हे समजले, तिला पत्र्याची बैठक, दिव्याची खोळ, पुस्तकांची मांडणी, घडी घालून ठेवता येणारे गणपतीचे मखर, हे सर्व आखता येईल. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून मखराला पर्याय शोधण्याची धडपड चालू आहे. पुठ्ठा हा उत्तम पर्याय आहेच. पण दहा वर्षे तेच मखर वापरावयाचे असेल, तर घडीच्या पत्र्याचा विचार करण्यास हरकत नाही. समई आणि निरांजन त्यापासून किती अंतरावर ठेवावे, हा प्रश्न मात्र लहान नाही. त्याकडे पुढे येऊ.

घडी आणि पैलू यांचा थोर खेळ पाहावयाचा तर अमेरिकेत फ्लॉरिडातील एपकॉट या करमणूक-नगरीचे उदाहरण घ्यावे. तेथे १ ऑक्टोबर १९८२ रोजी खुला झालेला सुमारे पन्नास मीटर व्यासाचा एक प्रचंड गोल आहे, आणि तो याच पत्र्याच्या अकरा हजारांहून अधिक त्रिकोणी पैलूंनी मढविलेला आहे. सपाट वस्तूतून गोल कसा काढावा, या जुन्या भूमितीच्या कोड्याला दिलेले ते उत्तर होय. आपल्याकडे एवढे थोर काम नको. पण गावातील पाण्याच्या टाकीच्या जिन्याला किंवा बसथांब्याच्या छताला दोन पैलू जास्त दिले, तर खर्च फारसा वाढत नाही आणि वस्तू पाहण्याजोगी होते.

चित्रकारांनी या पत्र्याचा उपयोग निराळ्या कारणासाठी केला. कापड ओलाव्याने सैल पडते, लाकूड फुगते आणि आकसते, आणि वरच्या रंगाला भेगा पडतात. युरोपातील काही चित्रकार सोळाव्या-सतराव्या शतकात तांब्याच्या पत्र्यावर तैलरंगाने चित्रे काढीत, ती याच त्रासातून सुटण्यासाठी. तांबे जड आणि महाग, म्हणून चित्रे लहान राहिली. आजच्या चित्रकाराला तोच सपाटपणा या हलक्या पत्र्यात मिळतो. पृष्ठभाग बारीक पॉलिशपेपरने घासून, धातूला धरणारे अस्तर दिल्यावर त्यावर तैलरंग किंवा ॲक्रिलिक रंग चांगला बसतो. थोर आकाराची छायाचित्रेही आज सर्रास याच पत्र्यावर चिकटवून प्रदर्शनात मांडली जातात. सपाटपणा हेच कारण. आमच्याकडच्या पावसाळ्यात प्लायवूडवरचे चित्र दोन वर्षांत कसे कुबड काढते, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे मोल सांगावयास नको.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळू.

धातूच्या पत्र्यावर अक्षर ही गोष्ट आपल्याला नवी नाही. राष्ट्रकूट, शिलाहार आणि यादव राजांची दानपत्रे ताम्रपटांवर कोरलेली आहेत. ते तांब्याचे पत्रे कडीत ओवलेले असत. त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे भांड्यावर घातलेले नाव. कोणत्या पातेल्यावर कोणाच्या माहेरचे नाव आणि कोणती तारीख टिंबाटिंबांनी उमटविली आहे, हे घरातली प्रत्येक स्त्री डोळे मिटून सांगते. अक्षर आणि धातू यांचे आपल्या घरात असे जुने नाते आहे. बदलले आहे ते अक्षराचे माप आणि कापणारा हात. टिकावाची टोच, छिन्नी किंवा कुंचला जाऊन तेथे आता संगणकाने चालविलेले, भिरभिरणाऱ्या पात्याचे यंत्र आले आहे. त्याला सगळे 'राउटर' किंवा नुसते 'सीएनसी' म्हणतात. ते पत्र्यातून हवे ते अक्षर दहा मिनिटांत कापून काढते.

या अक्षरांना अलीकडे एकाएकी फार मागणी आली, त्याचेही कारण आहे. २०२२ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, लहानमोठ्या सर्व दुकानांवर नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असावा आणि त्यातील अक्षर अन्य लिपीच्या अक्षरापेक्षा लहान नसावे, असे ठरले. त्याविरुद्ध मुंबईतील व्यापारी न्यायालयात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. मग पाट्यांची एकच लगबग उडाली. मराठी अक्षर दारोदार लागले, ही आनंदाची गोष्ट. पण ते कसे लागले, हे पाहण्याची उसंत कोणाला नव्हती.

देवनागरी आणि कापलेला पत्रा यांची सोयरीक पाहण्याजोगी आहे. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे. दहा अक्षरांच्या नावाचे दहा तुकडे होतात आणि ते एका रेषेत, सारख्या अंतरावर चिकटविणे हे मोठे जिकिरीचे काम होते. आपली अक्षरे मात्र शिरोरेषेवर टांगलेली असतात; वलणीवर वाळत घातलेले कपडेच जसे. 'कमल' हा शब्द कापला तर एकच तुकडा निघतो. तो उचलून दोन खिळ्यांवर टांगला की काम झाले. अक्षरांतले अंतर चुकण्याची धास्तीच नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, सगळे अंगाला जोडलेले. एवढ्यापुरती ही लिपी जणू पत्रा कापण्यासाठीच जन्मली, असे वाटावे.

पण तिच्यात दोन अडचणी आहेत, आणि त्या दोन्ही 'कुरकुंभ' या एका नावात सापडतात.

पहिली अडचण अनुस्वाराची. तो शिरोरेषेच्या वर अधांतरी असतो. पात्याने कापल्यावर तो सुपारीएवढा तुकडा सुटा होतो आणि भुशाबरोबर जमिनीवर पडतो. सापडला तर पाठीमागे दुहेरी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवितात. अक्षराच्या मोठ्या अंगाला चिकटपट्टी धरण्यास जागा पुष्कळ. या टिंबाला नखाएवढी. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला की तो गळतो, आणि कुरकुंभचे 'कुरकुभ' होते, दौंडचे 'दौड' होते. आपण प्रवासात पाहाल तर निम्म्या पाट्यांचे कुंकू असे पुसलेले आढळेल. आमच्या मते ही शुद्धलेखनाची चूक नसून चिकटपट्टीची आहे. पण शाळेत जाणारे मूल ती पाटी रोज वाचते आणि त्याला तो भेद कोण सांगणार?

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आणि अधिक घातक आहे. थ, ध आणि भ या तीन अक्षरांच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटलेली असते. ती फट हेच त्यांचे लक्षण. फट बुजविली की 'भ' चा 'म' होतो, 'ध' चा 'घ' होतो, आणि 'थ' हा 'य' च्या वळणावर जातो. परंतु ती फट ठेवली की शब्दाचे दोन तुकडे पडतात. 'कुरकुंभ' कापले तर 'कुरकु' हा एक तुकडा, टिंब हा दुसरा आणि 'भ' हा तिसरा. यंत्रावर बसलेल्या माणसाला तुकडे नको असतात. तो ज्या घाईत असतो त्या घाईत रेषा पुढे ओढून जोडून टाकतो. त्याला वाटते, शिरोरेषाच तर आहे.

हा अनुभव आम्ही पदरमोड करून घेतला आहे. आमच्या ओळखीच्या मंडळींनी एका लहानशा वाचनालयासाठी पाटी करावयास दिली. 'सार्वजनिक ग्रंथालय' ही अक्षरे रुपेरी पत्र्याची, मागे गडद निळा तक्ता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाटी आली आणि वर चढली. खाली उभे राहून सगळ्यांनी माना वर केल्या, आणि एक निवृत्त शिक्षक हळूच म्हणाले, "अहो, हे ग्रंयालय कुठले?" कारागिराने शब्द एकसंध राहावा म्हणून 'थ' ची फट भरून टाकली होती. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याला मजकूर आमच्यापैकीच एकाने मोबाइलवर पाठविला होता आणि कापण्यापूर्वी नमुना पाहण्यास आमच्यापैकी कोणीही गेले नव्हते.

ग्रंथालयाचे 'ग्रंयालय' झाले तर हसून सोडता येते. कुरकुंभच्या वसाहतीत ते तसे सोडता येणार नाही. तेथे रासायनिक कारखाने आहेत. टाकीवर, दारावर, नळाच्या जाळ्यावर सूचना लावलेल्या असतात आणि त्यांतला पहिला शब्द बहुतेक वेळा 'धोका' हा असतो. त्यातल्या 'ध' ची फट बुजली की तेथे 'घोका' असे दिसू लागते. परीक्षेच्या दिवसांत मुलांना द्यावयाचा उपदेश आम्लाच्या टाकीवर लावण्यात काय हशील! जुना, जाणता कामगार ओळखून घेईल. पण परगावाहून आलेला, नुकताच अक्षरे लावून वाचू लागलेला कंत्राटी मजूर त्या शब्दापाशी अडखळेल, आणि अडखळण्याइतका वेळ त्या जागी नेहमीच असतो असे नाही.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. फट राखावयाची आणि तुकडे होऊ द्यावयाचे. मात्र सर्व तुकडे मागच्या एका अखंड तक्त्यावर बसवावयाचे आणि जागेवर बसविताना त्याच यंत्राने काढलेला कागदी साचा भिंतीवर लावावयाचा, म्हणजे अंतर चुकत नाही. ज्यांना तक्ता नको, नुसती अक्षरे भिंतीवर हवी, त्यांनी फटीच्या मागून भिंतीच्या रंगाची एक बारीक पट्टी द्यावी. ती दिसत नाही आणि दोन्ही तुकडे धरून ठेवते. अनुस्वाराला मात्र चिकटपट्टीवर सोडू नये. त्याला मागून एक आटे पाडलेली सळई देऊन भिंतीत रोवावे. टिंब लहान आहे म्हणून त्याचा पाया लहान असावा, असे नव्हे. उलट लहान आहे म्हणूनच तो पक्का हवा.

याच्या उलट प्रकारही असतो. अक्षर कापून काढून टाकावयाचे आणि त्या भोकातून मागचा दिवा दिसू द्यावयाचा. रात्री अशी पाटी फार देखणी दिसते. येथे अडचण पोटातल्या जागेची. 'क' च्या, 'व' च्या, 'ब' च्या पोटातला तुकडा भोवतालच्या पत्र्यापासून तुटतो आणि पडून जातो. मग अक्षराऐवजी नुसता ठिपका उजळतो. रंगाच्या डब्याने गोण्यांवर नाव छापणारे लोक यासाठी अक्षराला मध्ये बारीक पूल ठेवतात. पाटीत मात्र मागे दुधी रंगाचा ॲक्रिलिकचा तक्ता असतोच. पोटातला तुकडा त्यावर चिकटविला की पुलाची गरज उरत नाही.

पात्याला स्वतःचेही वळण आहे, हे विसरू नये. तीन मिलिमीटर व्यासाचे पाते आतल्या कोपऱ्यात दीड मिलिमीटरच्या गोलाईपेक्षा टोकदार जाऊच शकत नाही. म्हणून बोरूने लिहिलेल्या अक्षराचे आतले कोपरे लहान मापात बोथट होतात. ज्या अक्षराची उंची वीतभर आहे तेथे हे जाणवत नाही. बोटभर उंचीच्या अक्षरात सगळे सौंदर्य त्यात बुडते. यास्तव बारीक मजकूर पत्र्यातून कापण्याचा हट्ट धरू नये. तो छापावा किंवा रंगवावा.

आणि येथे आम्हांला रंगवणाऱ्याची आठवण येते. तालुक्याच्या प्रत्येक गावी एक पेंटर असे. दोरीला खडू लावून तो भिंतीवर दोन रेषा मारी आणि त्यांत अक्षर बसवी. 'भ' ची फट त्याच्याकडून कधी बुजली नाही, कारण त्याचा हात अक्षर लिहीत होता, आकृती कापीत नव्हता. फ्लेक्स आला आणि त्याचे काम गेले. आता एसीपी आली आणि उरलेलेही गेले, असे म्हणतात. हे अर्धे खरे आहे. यंत्र कोणत्याही रेषेवरून धावते; ती रेषा संगणकातल्या तयार टंकाचीच असली पाहिजे असा त्याचा आग्रह नाही. पेंटरने कागदावर कुंचल्याने शब्द लिहावा, त्याचे छायाचित्र घेऊन त्याची कडा संगणकात आखून घ्यावी, आणि तीच पत्र्यातून कापावी. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी हाताच्या अक्षराचा अभ्यास संगणकाच्या टंकापर्यंत नेला. आपण सगळे ज्याचा वापर करतो तो 'मंगल' टंक त्यांच्या हातचा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे अशी काढली की, नुसत्या अक्षरांवरून नाटकाचा स्वभाव कळावा. या दोघांच्या महाराष्ट्रात किराणा दुकानाची, दवाखान्याची आणि बँकेची पाटी एकाच ठशाची असावी, याचे आम्हांला वाईट वाटते. त्यात पत्र्याचा अपराध कोणता?

पत्र्याचा जो खरा अपराध आहे, तो आता सांगणे प्राप्त आहे. त्याच्या पोटातला प्लॅस्टिकचा गर जळतो. साध्या मालात हा गर पॉलिथिलीनचा असतो. तो एकशे तीस अंशांच्या आतबाहेर वितळतो आणि मग पेटत्या थेंबांनी ठिबकतो. वरचे ॲल्युमिनियम सहाशे साठ अंशांना वितळते, म्हणजे तेही घरच्या मोठ्या आगीला पुरून उरत नाही. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या राहत्या इमारतीला आग लागली. सुरुवात एका स्वयंपाकघरात झाली; पण इमारतीला नव्याने घातलेल्या अशाच पत्र्याच्या अंगरख्यावरून ज्वाळा वर चढत गेल्या आणि बहात्तर माणसे मृत्युमुखी पडली. चौकशी समितीने २०१९ च्या पहिल्या अहवालात पॉलिथिलीनच्या गराचा हा पत्रा आग पसरण्याचे मुख्य कारण असल्याचे स्पष्ट नोंदविले.

सर्वच पत्रा तसा नसतो. गरात खनिजाची पूड मिसळली की तो आगीला दाद देईनासा होतो. सुमारे सत्तर टक्के खनिज असलेला माल 'एफआर' म्हणून मिळतो, आणि नव्वद टक्क्यांच्या वर खनिज असलेला त्याहून सुरक्षित माल 'ए टू' म्हणून ओळखला जातो. तो जड असतो आणि महाग असतो. चार मिलिमीटरचा खनिजयुक्त पत्रा चौरस मीटरला साडेसात किलोच्या घरात जातो. दिसण्यात मात्र तिळाएवढा फरक नाही, कारण बाहेरचा रंग तोच. गर पाहावयाचा तर कापलेल्या कडेशीच पाहावा लागतो. कुरकुंभच्या लोकांना आगीविषयी वेगळे व्याख्यान देण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये वसाहतीतल्या एका कारखान्याला आग लागली, तेव्हा आसपासच्या लोकांनी रात्री घरे सोडली होती. अशा ठिकाणी दोन मजली दुकानाच्या पाटीला कोणता पत्रा लावावा याबद्दल फार मतभेद होऊ नयेत. पाटीपुरता साधा पत्रा चालेल. पण जिन्याभोवती, खिडक्यांवरून, विजेच्या मीटरच्या पेटीवरून सलग आच्छादन करावयाचे असेल, तर खनिजाच्या गराचा पत्रा मागावा आणि पावतीवर तसे लिहून घ्यावे. घरातल्या मखराला समई आणि निरांजन यांपासून हातभर दूर ठेवावे, हे त्याच न्यायाने.

बसविण्याच्या दोन-तीन गोष्टी सांगून टाकतो, कारण त्या कोणी सांगत नाही. हा पत्रा उष्णतेने वाढतो: शंभर अंशांच्या फरकाला दर मीटरमागे २.४ मिलिमीटर. आमच्याकडे वैशाखात दुपारी तापलेला गडद रंगाचा पत्रा आणि पौषातली पहाट यांच्यात पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे आठ फुटी तक्ता जवळजवळ तीन मिलिमीटरनी लांब-आखूड होतो. स्क्रूचे भोक घट्ट ठेवले तर त्याला जागा मिळत नाही आणि तो फुगतो. भोक लांबट ठेवावे. पत्र्यावरच्या पातळ संरक्षक कागदावर बाण छापलेले असतात, ते शोभेसाठी नव्हेत. रुपेरी आणि सोनेरी रंगाचे दोन तक्ते उलटसुलट लावले तर एकाच रंगाच्या दोन छटा दिसतात. सगळे बाण एका दिशेने ठेवावे. आणि तो कागद काम झाल्याबरोबर सोलून काढावा. उन्हात महिनोन् महिने राहिला तर त्याचा गोंद पत्र्याला असा धरतो की नखे झिजतात.

उरलेल्या तुकड्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. धातू आणि प्लॅस्टिक असे घट्ट बिलगलेले असतात की भंगारवाला त्यांना निम्म्या मनाने घेतो. गर जाळून धातू काढण्याचा मोह कोणाला झाला तर त्याचा धूर वस्तीला बाधतो. म्हणून तुकड्याचा तुकडाच वापरणे, हे सर्वांत शहाणपणाचे. दारावरचे घरक्रमांक, झाडांची नावे, शाळेच्या भूमितीच्या आकृत्या, बोटाने चाचपून शिकण्याची अक्षरे, हे सगळे वीतभर तुकड्यातून होते. तुकाराम महाराजांची पालखी पाटसहून रोटीच्या घाटाकडे वळते, त्या वाटेवर पाणी कोठे आणि दवाखाना कोठे हे सांगणारे बाण अशा तुकड्यांचे केले तर ते पुढच्या वर्षी पुसून पुन्हा लावता येतात. फ्लेक्सचे तसे होत नाही. कापलेली कड मात्र घासून गुळगुळीत केल्याखेरीज मुलांच्या हाती देऊ नये. पातळ ॲल्युमिनियमची कड वस्तऱ्यासारखी असते.

व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी विचारले, "मग त्या ग्रंथालयाच्या पाटीचे पुढे काय झाले?" झाले ते असे. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होते, यंत्र बंद होते. गावातल्या पेंटरला बोलावून आणले. त्याने शिडीवर चढून 'थ' च्या डोक्यावरची जोडलेली रेषा आरीच्या पात्याने दोन बोटे कापून काढली, उघडी पडलेली काळी कड रुपेरी रंगाने लपविली, आणि उतरता उतरता अनुस्वार हाताने हलवून पाहिला. तो हलत होता. त्याने तो काढून खिशात घातला आणि संध्याकाळी मागून सळई बसवून परत आणला.